21 जूनचा सूर्य आणि 23 जूनचा जाळ

आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या पश्चिमेला समुद्राला लागून जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आम्ही राहायला आलो, तेव्हा मे महिना सरत आला होता आणि नव्या घराच्या खिडक्यांना पडदे नव्हते. रात्री सव्वादहाला अंगणात बसून वर्तमानपत्र वाचता येई आणि पहाटे साडेचारला पाखरांचा कलकलाट सुरू होई. माझे माहेर सिंधुदुर्गातले बांदा. तिथे वर्षातला मोठ्यात मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा, आणि तोही बहुतेक वेळा पावसाळी ढगांत बुडालेला. इथे, 53 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पाच वाजून काही मिनिटांनी उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. मध्यरात्रीसुद्धा तो क्षितिजाखाली तेरा-चौदा अंशांपेक्षा खोल जात नाही, त्यामुळे उत्तरेच्या आकाशात फिकट उजेडाची एक पट्टी रात्रभर रेंगाळत राहते. '21 जून हा अयनदिन' हे शाळेच्या भूगोलात पाठ केलेले वाक्य इथे येऊन झोपमोड करू लागले.

असा दिवस नुसता जाऊ द्यायचा नाही, असे मी ठरवले. आयर्लंड म्हणजे केल्टिक लोकांचा देश, आणि केल्टिक लोक म्हणजे सूर्याचे, दगडी वर्तुळांचे आणि ड्रुइड पुरोहितांचे, एवढीच माझी तयारी होती. त्या तयारीवर मी 21 तारखेच्या पहाटेच्या एका 'प्राचीन केल्टिक सोहळ्या'चे पैसे भरले. चार वाजता आम्ही तीसेक माणसे एका टेकाडावर जमलो. प्रत्येकाच्या डोक्यावर तारेत गुंफलेल्या कापडी फुलांचा मुकुट चढवण्यात आला. त्यानंतर पांढरा झगा घातलेल्या दोन पुरुषांनी 'ओक राजा' आणि 'हॉली राजा' यांचे लुटुपुटीचे युद्ध केले, ज्यात वाढत्या दिवसांचा राजा हरतो आणि घटत्या दिवसांचा राजा जिंकतो. संवाद मोबाइलवरून वाचले जात होते. पाचच्या सुमारास अटलांटिकवरून झिमझिम पाऊस आला, त्याच्या आधी मिज नावाच्या इथल्या चिलटांनी मान आणि कानशिले फोडून काढली होती, आणि सूर्य नऊ वाजेपर्यंत कोणालाच दिसला नाही. संयोजकांचा हेतू वाईट नव्हता. मात्र मुकुटाची तार कपाळाला टोचत होती, आणि माझ्या मनात सारखे येत होते की हे सगळे कुठेतरी वाचून बसवलेले आहे, इथल्या मातीतले नाही.

घरी परतताना शेजारचे आजोबा कुंपणाच्या दगडी भिंतीवर कोपरे टेकून उभे होते. ते सत्तरीच्या पुढचे, घरात आयरिश भाषा बोलणारे आणि आमच्याशी इंग्रजीत बोलताना प्रत्येक वाक्य आधी तोलून पाहणारे. इतक्या सकाळी ओलीचिंब होऊन कुठून आलीस, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आज? आग तर परवा आहे."

परवा म्हणजे 23 जून, सेंट जॉनच्या, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या, सणाची पूर्वसंध्या. रस्ता किनाऱ्याकडे वळतो तिथल्या मोकळ्या जागेवर आठ-दहा दिवसांपासून एक ढीग वाढताना मी पाहिला होता, पण तो कोणीतरी टाकलेला कचरा असावा असे समजून दुर्लक्ष केले होते. तुटक्या खुर्च्या, मोडलेले एक दार, गॉर्स नावाच्या झुडपाच्या काटेरी फांद्या आणि तळाशी नीट रचलेला टर्फ असा तो ढीग होता. टर्फ म्हणजे इथल्या दलदलीतून विटांसारखा कापून उन्हात वाळवलेला, हजारो वर्षांच्या कुजलेल्या वनस्पतींचा थर. त्याची घराशेजारी रचलेली रास पाहिली की मला आमच्याकडची गोवऱ्यांची हुडवी आठवते, आणि त्याच्या धुराचा वासही गोवरीच्या धुराच्या नात्यातलाच आहे, फक्त अधिक गोड. गावातली पोरे संध्याकाळी हातगाडी घेऊन घरोघर सर्पण मागत फिरत होती. कोकणात होळीसाठी लाकडे मागत नाहीत, पळवतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ती कल्पना त्यांना फारच आवडली. त्यांच्या आयांना आवडली नाही.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा दहा वाजले होते. त्या वेळी तिथे चाळीसेक माणसे असतील. कोणी झगे घातले नव्हते आणि कोणी प्रास्ताविक केले नाही. गावातल्या सर्वांत वयस्क बाईंनी, ज्यांना खुर्चीसह उचलून आणले होते, आयरिशमध्ये एक छोटी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, आणि एका मुलाने रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी ढिगाच्या पोटात सारली. गॉर्स ओली असली तरी तडतडून पेटते. पहिल्या पाच मिनिटांत ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंचीवर गेली आणि आम्ही सगळे दोन पावले मागे सरलो. मग थर्मासमधला चहा फिरला, एकाने मेलोडियन नावाचा हातात धरून वाजवायचा बाजा काढला, आणि पुढचे दोन तास लोक हवामान, गायींचे भाव आणि गैरहजर असलेल्या माणसांविषयी बोलत राहिले. एका बाईंनी शेतातून उपटून आणलेल्या तणाची मोळी आगीत टाकली. विचारल्यावर कळले की आज जाळलेले तण पुढच्या वर्षी त्या शेतात उगवत नाही. उगवते का, असे मी विचारले. "उगवते की," त्या म्हणाल्या, "पण कमी चेवाने."

अंधार पडत गेला तसे खाडीच्या पलीकडे, क्लेअर परगण्याच्या काळ्या डोंगररेषेखाली, एकेक ठिपका पेटू लागला. मी सात मोजले. त्या क्षणी मला हा सण पहिल्यांदा समजला. टेकाडावरच्या पहाटे आम्ही तीस अनोळखी माणसे एका न दिसलेल्या सूर्याकडे तोंड करून उभे होतो. इथे प्रत्येक गाव स्वतःच्या जाळाभोवती उभे राहून दुसऱ्या गावाचा जाळ पेटला की नाही, हे पाहत होते.

मध्यरात्र उलटल्यावर जाळ बसला. मुलांनी आणि दोन-तीन धीट बायकांनी कडेच्या निखाऱ्यांवरून उड्या मारल्या. निघताना आजोबांनी लांब चिमट्याने एक ठसठशीत निखारा उचलून माझ्यासमोर धरला आणि भांडे आण म्हणून खुणावले. नव्या घराच्या चुलीत या आगीतला निखारा जायला हवा, असे त्यांचे म्हणणे. माझ्याजवळ भांडे नव्हते. मी चहाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला, तो लगेच तापला, आणि घरापर्यंतची दोनशे पावले मी तो या हातातून त्या हातात झेलत धावत गेले. शिमग्याला होळीचा निखारा घरी आणणारी माझी आजी त्या वेळी असती तर तिने डब्याला आधी राख का घातली नाहीस, म्हणून मला झापले असते.

त्यानंतरच्या लांब हिवाळ्यात मी वाचत गेले. सगळ्यात मोठा खजिना सापडला तो युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन या विद्यापीठात जपलेल्या शालेय संग्रहाचा. 1935 साली स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाने 1937 ते 1939 या काळात प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, उपाय, म्हणी आणि रीती लिहून आणायला सांगितले. पाच हजारांच्या आसपास शाळांतल्या सुमारे पन्नास हजार मुलांनी वह्या भरल्या, आणि त्या आज दूखस नावाच्या संकेतस्थळावर पानापानाने वाचता येतात. सेंट जॉनच्या रात्रीविषयी या मुलांनी जे लिहिले आहे, त्यात सूर्यदेव कुठेही नाही. बटाट्याच्या वाफ्यात जळते कोलीत फिरवावे, गुरांना निवत्या राखेतून चालवावे, हाडे आगीत टाकावीत, निखारा घरी न्यावा, राख पिकावर टाकावी, असे ते सगळे घरगुती आहे. इंग्रजीतला 'बॉनफायर' हा शब्द 'बोन फायर' म्हणजे हाडांची आग यातून आला, आणि आयरिशमधल्या शब्दाचा शब्दशः अर्थही तोच होतो. कॉनॅक्ट प्रांतात या रात्री 'गुडी' नावाचा पदार्थ करत: दुकानातला पांढरा पाव गरम दुधात भिजवायचा, वर साखर आणि मसाला. ज्या घरांत रोज सोडा घातलेली घरचीच भाकर होती, तिथे दुकानातला पाव ही चैन होती. वाचताना मला हसू आले, कारण आमच्या घरी आजारी माणसाला देतात तो दूध-पाव इथे सणाचे पक्वान्न होता.

मग ओक राजा आणि हॉली राजा आले कुठून? तर ती जोडी आपल्या डोक्यात बसवण्याचे श्रेय मुख्यतः रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीकडे जाते, ज्याने 1948 साली ही कल्पना मांडली. अयनदिनाला आज सर्रास वापरले जाणारे 'लिथा' हे नाव तर केल्टिक नाहीच. बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने 725 साली कालगणनेविषयी लिहिताना अँग्लो-सॅक्सन लोकांच्या महिन्यांची जी नावे नोंदवली, त्यात जून-जुलैच्या महिन्यांचे ते नाव होते; 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या एडन केली यांनी ते उचलून सणाला दिले. वर्षाचे आठ समान भाग करून आठ सण बसवणारे 'वर्षचक्र' 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये विक्का या नव्या पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि नव्या ड्रुइडांपैकी रॉस निकल्स यांच्या वर्तुळात आकाराला आले. जुन्या आयरिश वाङ्मयात वर्षाचे खांब चार आहेत: 1 फेब्रुवारीचा इम्बोल्क, 1 मेचा बेल्टने, 1 ऑगस्टचा लूनसा आणि 1 नोव्हेंबरचा साविन. या चारांत अयनदिन नाही. हे चारही सण अयनदिन आणि विषुवदिन यांच्या मधोमध पडतात, कारण ते गुरे चरायला डोंगरावर नेण्याचे, परत आणण्याचे, पहिले पीक कापण्याचे दिवस आहेत. इथला शेतकरी सूर्याकडे पाहत होता, पण गाईच्या कासेकडे अधिक पाहत होता.

दगडी वर्तुळांचा हिशेबही असाच चुकतो. इंग्लंडमधले प्रसिद्ध दगडी वर्तुळ स्टोनहेंज, त्याचे मोठे दगड इसवी सनापूर्वी सुमारे 2500 मध्ये उभे राहिले, आणि आयर्लंडमधले न्यूग्रेंज हे दगडी थडगे तर इसवी सनापूर्वी 3200 च्या आसपासचे. केल्टिक भाषा या बेटांवर बोलल्या जाऊ लागण्याच्या कितीतरी आधीचे. स्टोनहेंज खरोखरच उन्हाळी अयनदिनाच्या सूर्योदयाच्या रेषेवर आहे, न्यूग्रेंज हिवाळी अयनदिनाच्या सूर्योदयाच्या, आणि हे साधणारे लोक असामान्य होते यात शंका नाही. ते केल्ट नव्हते, एवढेच. स्टोनहेंजला ड्रुइडांचे मंदिर ठरवले ते अठराव्या शतकात विल्यम स्टुकली या पुराणवस्तूंच्या अभ्यासकाने.

या सगळ्या मंडळींत मला सर्वांत आवडलेले पात्र म्हणजे वेल्समधला पाथरवट एडवर्ड विल्यम्स, जो स्वतःला योलो मोर्गानुग म्हणवून घेई. हा माणूस अफूच्या अर्काचा व्यसनी, जुन्या वेल्श काव्याचा अस्सल जाणकार आणि तितकाच अट्टल बनावटखोर. 21 जून 1792 रोजी, म्हणजे बरोबर अयनदिनी, त्याने लंडनच्या प्रिमरोज हिल या टेकडीवर काही कवींना जमवले, खिशातून काढलेल्या लहान दगडांचे वर्तुळ मांडले, आणि प्राचीन ड्रुइडांपासून अखंड चालत आलेली कविसभा म्हणून एक विधी पार पाडला. तो सगळा त्याच्याच डोक्यातून निघालेला होता. आजचे ड्रुइड अयनदिनाला 'अल्बन हेविन' म्हणतात, ते नावही त्याच्याच कारखान्यातले. आणि तरीही ती कविसभा पुढे वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य-संगीत महोत्सवाचा, ऐस्टेडवॉडचा, भाग बनली आणि आज वेल्श भाषेचा तो सर्वांत मानाचा विधी आहे. एखादी गोष्ट नवी आहे म्हणून ती पोकळ ठरवण्याचा अधिकार निदान मराठी माणसाला नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 चा आहे आणि आपण त्याच्याशिवाय भाद्रपदाची कल्पना करू शकत नाही. नव्याला नवे म्हणावे, इतकीच माझी अपेक्षा. माझे पैसे 'प्राचीन' या शब्दासाठी गेले होते.

केल्टिक भाषा बोलणाऱ्या किंवा एके काळी बोललेल्या प्रदेशांत या दिवसांचे खरे अवशेष शोधायला गेले की ते भरपूर सापडतात, पण प्रत्येक ठिकाणी वेगळे आणि जवळजवळ नेहमी सेंट जॉनच्या आडोशाला. आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातल्या नॉकेनी टेकडीवर ऑन्या नावाची एक जुनी देवता राहते अशी श्रद्धा आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथले पुरुष सेंट जॉनच्या रात्री काठ्यांना गवत आणि पेंढा बांधून मशाली पेटवत, टेकडीला फेरी घालत आणि मग त्याच मशाली घेऊन शेतांतून व गुरांमधून धावत. एके वर्षी शेजारी मयत झाल्यामुळे लोकांनी मशाली काढल्या नाहीत, तर टेकडीवर आपोआप मशालींची रांग चालताना दिसली आणि सर्वांत पुढे स्वतः ऑन्या होती, असे सांगतात. दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. काही मुली मशाली पाहत उशिरापर्यंत टेकडीवर रेंगाळल्या. ऑन्या त्यांच्यासमोर आली, आपला मान राखल्याबद्दल तिने त्यांचे आभार मानले, आणि आता घरी जा, आम्हाला टेकडी मोकळी हवी आहे, असे सांगितले. 'आम्ही' म्हणजे कोण, ते कळावे म्हणून तिने त्यांना एका अंगठीतून पाहायला लावले, तेव्हा सगळी टेकडी माणसांनी भरून गेलेली दिसली. ही गोष्ट 1879 मध्ये छापली गेली. वेताळाची पालखी निघते त्या रात्री बाहेर थांबू नये, असे बजावणाऱ्या गावात वाढलेल्या मला तिचे भाषांतर करून घ्यावे लागले नाही.

आयरिश समुद्रातल्या मॅन बेटावर जुन्या दंतकथेनुसार बेटाचा पहिला धनी मनानान हा समुद्रदेव. बेटावरच्या लोकांनी त्याला दरवर्षी उन्हाळ्याच्या मध्यावर लव्हाळ्याची एक पेंढी एवढाच सारा द्यायचा असे. आजही 5 जुलैला तिथली संसद उघड्यावर, सेंट जॉन्स नावाच्या गावात भरते तेव्हा वाटेवर लव्हाळे पसरतात आणि लोक कोटाला बोलन बेन या वनस्पतीची डहाळी लावतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये मरगळलेली डोंगरावरच्या जाळांची साखळी तिथल्या जुन्या परंपरा जपणाऱ्या मंडळांनी 1929 पासून पुन्हा सुरू केली. तिथे 'फुलांची बाई' कॉर्निश भाषेत चार ओळी म्हणून चांगल्या आणि वाईट वनस्पतींची जुडी आगीत टाकते. फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या जाळाला तांताद म्हणतात. यातला प्रत्येक सण स्वतंत्र लेख मागेल.

आता 5 जुलै का आणि 23-24 जून का? अयनदिन तर 20 किंवा 21 जूनला असतो. रोमन लोक आपल्या कालगणनेत उन्हाळी अयनान्त 24 जूनच्या आसपास धरत असत. ख्रिस्ताचा जन्म 25 डिसेंबरला मानला गेल्यावर त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा असलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस 24 जूनला आला. 'तो वाढावा आणि मी घटावे' असे योहान बायबलमध्ये म्हणतो, आणि त्याच्या जन्मदिवसापासून दिवस खरोखरच घटू लागतो, हा योग जुन्या धर्मगुरूंच्या नजरेतून सुटला नव्हता. पुढे 1752 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडने नवी कालगणना स्वीकारून अकरा दिवस वगळले, पण मॅन बेटाच्या संसदेने आपला दिवस जुन्या हिशेबानेच ठेवला; 24 जूनमध्ये अकरा मिळवले की 5 जुलै होतो. पंचांग बाळगणाऱ्या माणसाला यात नवल वाटायला नको. आपली कर्कसंक्रांत आणि तिच्याबरोबरचे दक्षिणायन 16 किंवा 17 जुलैला येते, म्हणजे प्रत्यक्ष सूर्य वळल्यावर साडेतीन आठवड्यांनी. सण सूर्यापासून सरकला तरी लोक सणाला धरून राहतात, सूर्याला नाही.

आयरिश भाषेत जून महिन्याला मेहेव म्हणतात आणि त्याचा अर्थ 'मधला'. उन्हाळा 1 मेला सुरू होतो, 31 जुलैला संपतो आणि अयनदिन त्याच्या मध्यावर येतो. दूरचित्रवाणीवर 21 जूनला 'आज उन्हाळा सुरू झाला' असे कोणी म्हटले की आजोबा पडद्याशी भांडतात. सप्टेंबरच्या आयरिश नावाचा अर्थ 'सुगीचा मध्य' आणि ऑक्टोबरच्या नावाचा अर्थ 'सुगीचा शेवट', असे त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवले. त्यांना मी त्या बदल्यात कोलिन्यीच्या पत्र्याविषयी सांगितले. 1897 मध्ये फ्रान्समधल्या कोलिन्यी गावाजवळ काशाच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे सापडले, ज्यावर गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या प्रदेशातल्या केल्टिक भाषेत पाच वर्षांचे पंचांग कोरलेले आहे; आज ते ल्योंच्या संग्रहालयात आहे. महिने चांद्र आहेत, प्रत्येक महिन्याचे दोन पंधरवडे केलेले आहेत, आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून पाच वर्षांत दोन अधिक महिने घालून एकूण 62 महिने केले आहेत. आपल्या वेदांग ज्योतिषातले युगही पाच वर्षांचे, त्यातही दोन अधिक मास आणि एकूण चांद्र महिने 62. याचा अर्थ कोणी कोणाचे पंचांग चोरले असा नाही. चंद्र आणि सूर्य दोघांनाही सांभाळायचे ठरवले की पाच वर्षांच्या हिशेबात कोणाचेही उत्तर तिथेच येते. "म्हणजे तुमच्याकडेही तेरावा महिना असतो?" आजोबांनी विचारले. त्यात जावयाला वाण द्यायचे असते, हे सांगितल्यावर ते म्हणाले की तो महिना इथून का गेला असावा, हे आता त्यांच्या लक्षात आले.

जावयावरून मला जे खूप आधी आठवायला हवे होते ते आठवले. बांद्याहून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. 24 जूनला पलीकडच्या गावांत सांजांव असतो, म्हणजे हाच सेंट जॉन, पोर्तुगीजांबरोबर आलेला. तोपर्यंत मृगाच्या पावसाने विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. डोक्यावर पाने, फुले आणि फळे गुंफलेले कोपेल घालून, घुमट वाजवत, पुरुष आणि पोरे घरोघर जातात आणि विहिरीत उड्या मारतात. नव्या जावयाला त्या दिवशी सासुरवाडीला खास मान असतो. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली, म्हणून या उड्या, असे तिथले लोक सांगतात. लहानपणी वडिलांच्या मित्राच्या घरी हे सगळे मी पाहिले होते, आणि एकदा भिजलेले कोपेल माझ्याही डोक्यावर आले होते. त्यातल्या एका पानावरचा हिरवा किडा माझ्या भुवईवरून चालत गेला, तो स्पर्श अजून आठवतो. तरीही गॉलवेच्या टेकाडावर तारेचा मुकुट घालून उभी असताना, आणि दोन दिवसांनी निखाऱ्यावरून उड्या मारणारी पोरे पाहतानाही, हा तोच सण आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. इथे लाकूड ओले आणि आग दुर्मीळ, म्हणून आगीवरून उडी. तिथे विहीर भरलेली, म्हणून पाण्यात उडी.

गेली काही वर्षे आमच्या घरी याची एक रीत बसली आहे. 21 तारखेला आम्ही काहीच करत नाही, फक्त रात्री दहा वाजता जेवण आटोपून भिंतीपाशी उभे राहतो आणि सूर्य वायव्येकडे, वर्षभरातल्या सर्वांत उजवीकडच्या जागी, बुडताना पाहतो. आयरिशमध्ये अयनदिनाला 'सूर्याचे थांबणे' अशा अर्थाचाच शब्द आहे, आणि भिंतीवर खडूने खुणा केल्या तर हे थांबणे खरोखर दिसते: आठवडाभर खूण जागची हलत नाही. 23 तारखेसाठी मी गॉर्सची एक मोळी आणि वाफ्यातले तण वेगळे ठेवते. नगरपालिकेची सूचना दरवर्षी येते, की टायर, रंगवलेले लाकूड आणि घरचा कचरा जाळणे कायद्याने गुन्हा आहे, आणि ती योग्यच आहे. एका वर्षी कोणीतरी रात्रीत ढिगावर गादी आणून टाकली होती, ती आजोबांनी पहाटे एकट्याने ओढून बाहेर काढली. गेल्या वर्षी मी मोठ्या पातेल्यात गुडी केली, त्यात मसाला म्हणून वेलची आणि जायफळ घातले. वयस्क बाई आता नाहीत. त्यांच्या लेकीने एक वाटी खाल्ली आणि आईच्या गुडीत इतकी चव कधीच नव्हती असे म्हणाली. ही तारीफ होती की तक्रार, ते मला कळले नाही.

निखारा मी आता लोखंडी बादलीत आणते, तळाला चार बोटे राख घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड झालेली राख बटाट्याच्या वाफ्यांवर टाकते आणि मग बांद्याला फोन करते. तिकडे तेव्हा दुपार असते. विहीर कुठवर आली, एवढेच मी विचारते. आई परसदारी जाऊन वाकून पाहते आणि दुसऱ्या पायरीपर्यंत किंवा तिसऱ्या पायरीपर्यंत, असे सांगते.